पाहुण्याची किटली

बिका दायजाच्या घरी हेमराला कधी स्वतःची किटली मिळाली नाही, आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता.

तुर्कमेनांच्या घरी पाहुणा आला की त्याच्यापुढे त्याची वेगळी किटली ठेवतात. चार पाहुणे, चार किटल्या. प्रांताचा अधिकारी असो की मेंढ्यांचा दलाल, मान सारखाच. घरचं लेकरू मात्र आईच्या किटलीतलं पितं. डॉक्टर हेमरा यलमे अठ्ठेचाळीस वर्षांचा, निम्मे केस पांढरे झालेला माणूस. सारीगुयी गावात आला की तो दायजाच्या गालिच्यावर मांडी ठोकून बसायचा आणि ती आपल्या किटलीतला दुसरा प्याला त्याच्यापुढे सरकवायची. दायजा म्हणजे मावशी. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण अठरा वर्षांच्या चहाने जे नातं होतं ते झालं होतं.

हेमरा औषध देणारा डॉक्टर नव्हता. या गवताळ मुलखात अन्ननलिकेच्या कर्करोगाने माणसं पटापट जायची. ती का जातात, हे शोधणं त्याचं काम. सत्तेचाळीस गावं, आणि दरवर्षी त्याच माणसांना तेच प्रश्न. काय खाता, काय ओढता, चहा किती कढत घशाखाली घालता. मग कोण आजारी पडतं आणि कोण पडत नाही, हे बघत बसायचं. गावातले टवाळ त्याला ‘वाट बघणारा डॉक्टर’ म्हणायचे. "आपण मेलो की याला बढती," असं त्याच्या तोंडावर म्हणून वर त्यालाच टाळी द्यायचे.

पहिल्या वर्षी तो उष्णतामापक घेऊन आला तेव्हा तर तमाशाच झाला होता. चहाचे दोन प्याले ओतायचे, एकात काचेची नळी बुडवायची, पारा पंचाहत्तरवर आला की दुसऱ्या प्याल्यातला घोट घ्यायला सांगायचं. "एवढाच पिता का?" नाही म्हटलं की पारा सत्तरवर येईपर्यंत थांबायचं.

"चहाला ताप आलाय का रे, डॉक्टर?" बिका दायजाने विचारलं होतं. तेव्हा ती पन्नाशीत होती, जमिनीवरच्या मागावर गालिचा विणत होती आणि बोटं एक क्षण थांबवत नव्हती. पंचाहत्तरवर तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हा चहा नव्हे, भांडी धुतलेलं पाणी. तुझ्या आईने तुला असलं पाजलं का?"

चहाचं ठीक होतं. घोडं अडायचं ते एकेचाळिसाव्या प्रश्नावर. अफू घेता का, किती, केव्हापासून. सगळ्या मुलखाला उत्तर ठाऊक आणि कुणी तोंड उघडत नाही, असा तो प्रश्न. पहिल्या महिन्यात दोनशे माणसांनी ‘नाही’ सांगितलं. त्यातल्या निम्म्यांच्या घरात वास येत होता.

म्हणून हेमराने एक युक्ती केली. संमतीपत्र फारसीत छापलेलं होतं. म्हाताऱ्या माणसांना ना फारसी वाचता येत होती ना धड कळत होती. त्याने त्यातल्या गुप्ततेच्या वचनाचं साध्या तुर्कमेनीत रूपांतर केलं आणि पाठ केलं. प्रत्येक घरात अंगठा घेण्याआधी तो डोळ्यांत बघून म्हणायचा, "तुमचं नाव कुलपात, तुमचा आकडा माझ्यापाशी. तुम्ही सांगाल ते सरकारला कळणार नाही, पोलिसाला कळणार नाही, मुल्लाला कळणार नाही, आणि सुनेला तर मुळीच कळणार नाही."

सुनेचं नाव आलं की बायका खुदकन हसायच्या. ते शेवटचं त्याने स्वतःच्या पदरचं घातलं होतं. पण काम केलं ते त्यानेच. बिका दायजा हसता हसता थांबली, मागावरचे हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, "लिही. मसुराच्या दाण्याएवढी. सकाळी एक, रात्री एक. तिसऱ्या बाळंतपणानंतर पाठ धरली ती आजतागायत. नवरा मेला, त्यालासुद्धा माहीत नव्हतं."

सारीगुयीत खरं बोललेली ती पहिली बाई. ती बोलली, मग शेजारीण बोलली, मग गाव बोलला, आणि एका गावाचं बघून दुसरा. काही जणांची लघवी तपासून पाहिली तर उत्तरं तंतोतंत जुळली. परदेशी तज्ज्ञ थक्क झाले. लोक इतकं खरं सांगतातच कसे, म्हणून विचारायला लागले. अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर फरामर्ज मोहतशम यांनी भर सभेत हेमराच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आमचं खरं यंत्र हे." हेमराने त्यांच्या हाताखाली विद्या घेतली होती, तो त्यांना उस्ताद म्हणायचा. त्या दिवशी त्याची छाती फुगली होती, आणि खोटं कशाला सांगा, त्यानंतरही पुष्कळ दिवस फुगलेलीच होती.

या वसंतात तो सारीगुयीला गेला तेव्हा दायजा रोटी चहात बुडवून खात होती. अठरा वर्षांत तिने रोटी कधी बुडवली नव्हती. बुडवून खाणाऱ्यांना ती ‘बोळकी’ म्हणून चिडवायची. हेमराच्या हातातला प्याला तसाच राहिला.

"केव्हापासून, दायजा?"

"काय केव्हापासून? दात दुखतोय."

"दात नाही दुखत. अडकतंय. केव्हापासून?"

तिने सुनेकडे, जेनेतकडे पाहिलं आणि ती बाहेर जाईपर्यंत थांबली. "नौरोजच्या आधीपासून," ती म्हणाली. "तू अठरा वर्षं वाट बघत होतास ना? घे. आलं."

त्याने दुसऱ्याच दिवशी तिला गोनबद शहरात नेऊन घशातून दुर्बीण घालून घेतली. गाठ होती, पण पसरलेली नव्हती. किरणं द्यायची, मग शस्त्रक्रिया. महिनाभरात सुरू केलं तर आशा चांगली होती. घरातल्या कुणाच्या आवाक्यातला खर्च नव्हता, पण त्यासाठी प्रांताचा साहाय्य निधी होता. निधीचं कार्ड मिळालं की सगळं मोफत. हेमराने स्वतः अर्ज भरला. "आठ दिवसांत कार्ड येतं," तो म्हणाला. दायजाने त्याच्या गालावर हात फिरवला आणि त्याच्या शब्दावर निश्चिंत झाली.

आठ दिवसांनी कार्डाऐवजी जेनेत आली. बस बदलत बदलत गोनबदच्या कचेरीत आली, खुर्चीवर बसलीच नाही, आणि एक कागद त्याच्या टेबलावर ठेवला.

"वाचा," ती म्हणाली. "मी वाचलंय. घरात फारसी मलाच येते. म्हणून मलाच वाचायला लावलं. दोन्ही मुलगे बसलेले, व्याही आलेले. सगळ्यांपुढे मोठ्याने वाचलं मी."

अर्ज नामंजूर. कारण, रोगाला रुग्णाचं स्वतःचं अफूचं व्यसन जबाबदार असल्याचं रुग्णाच्याच जबानीवरून दिसतं. दाण्याचा आकार, दिवसातून किती वेळा, किती वर्षं, सगळं दिलेलं. खाली आधार म्हणून लिहिलं होतं, संमतीपत्र, कलम सात.

"सुनेला मुळीच कळणार नाही, असं म्हणायचात ना तुम्ही?" जेनेत म्हणाली. "मी वाचत होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मला थांबवताही येईना. मला कुठं माहीत, पुढच्या ओळीत काय आहे!" ती रडली नाही. रडली असती तर हेमराला बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर त्याने कपाट उघडलं. दायजाचं संमतीपत्र काढलं. तीन वर्षांपूर्वी सगळी पत्रं नव्याने भरून घेतली होती, त्यातलं. कलम सात स्वच्छ छापलेलं होतं. सांगितलेली माहिती आरोग्य विमा आणि साहाय्य देणाऱ्या संस्थांना देण्यास माझी हरकत नाही. खाली दायजाचा निळा अंगठा. त्याखाली, ‘वाचून व समजावून दिलं’, आणि हेमराची सही.

त्याला ती सकाळ आठवली. नव्या पत्रांचे गठ्ठे आले होते आणि उस्तादांचा फोन. "फक्त मथळा बदललाय, हेमराजान. नवा शिक्का, बाकी तेच. वाचत बसू नकोस, तुला तर पाठच आहे." आणि पाठच होतं. अकराशे चाळीस घरांत तो जुनं वचन घडाघडा म्हणत गेला, आणि अकराशे चाळीस अंगठे नव्या कागदावर उमटत गेले. लोक त्याच्याबरोबर सुरात म्हणायचे, सुनेचं नाव आलं की हसायचे. शिकलासवरलेला माणूस, पण हातातला कागद वाचायची त्याला गरज वाटली नाही.

त्याच दुपारी तो प्रांताच्या मुख्य शहरी, गोरगानला जाऊन उस्तादांपुढे उभा राहिला. मोहतशमांनी त्याला बसवलं, पिस्ते पुढे केले आणि कागद न बघताच म्हणाले, "कळलं मला. वाईट झालं."

"तुम्ही मला मथळा बदललाय म्हणालात."

"अभ्यासाचा पैसाही साहाय्य निधीतूनच यायचा, आणि निधीने हात आखडता घेतला होता. त्यांची अट होती ती. नाही म्हटलं असतं तर अभ्यास तेव्हाच बंद पडला असता. मी अभ्यास वाचवला. तुझं आयुष्य वाचवलं, असंही म्हण."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तू ते लोकांना वाचून दाखवलं असतंस." उस्ताद हसले. ते अगदी मायेने हसले, आणि हेमराला तेच सहन झालं नाही. ज्या माणसाच्या हाताखाली आपण खऱ्याची किंमत शिकलो, त्यानेच केसाने गळा कापला होता. तोही हेमराच्याच हातांनी.

"किती जणांना नाकारलंय?"

"एकतीस. आतापर्यंत."

"मी लिहून देतो," हेमरा म्हणाला. "कलम सात मी कुणालाही वाचून दाखवलं नाही, असं."

"दे. मग काय होईल ते ऐक. सगळी संमतीपत्रं रद्द. त्यांच्यावर उभी असलेली अठरा वर्षं पाण्यात. चौकशीला सहा महिने. पहिला आरोपी तू, कारण सही तुझी. आणि तुझ्या त्या मावशीला सहा महिने आहेत का?"

महिन्याभरात किरणं सुरू व्हायला हवी होती. ते उस्तादांनाही माहीत होतं.

"सोपं आहे रे," उस्ताद आवाज खाली आणून म्हणाले. "वार्षिक फेरी आहेच. या वर्षी तिचं उत्तर ‘नाही’ येऊ दे. आधीच्या नोंदी भलत्याच आकड्याखाली पडल्या, कारकुनाची चूक, असं मी कळवतो. आठवड्यात कार्ड. तू फक्त गप्प राहा."

"आणि बाकीचे तीस?"

"तिसांनाही तू मावशी म्हणतोस का?"

कुंपणच शेत खाऊन वर ढेकर देत होतं. तरीही हेमरा उठताना ‘येतो, उस्ताद’ म्हणाला. सवय वाईट असते.

तीन दिवसांनी तो फेरीचे कागद घेऊन सारीगुयीला गेला. दायजाला खोटं बोलायला कसं सांगायचं, याची वाक्यं तो वाटभर जुळवत होता आणि एकही जुळत नव्हतं. जिने सगळ्या गावाआधी खरं सांगितलं, तिच्याकडेच खोटं मागायला निघाला होता तो.

दायजा भिंतीला टेकून बसली होती. दोन आठवड्यांत अर्धी झाली होती. "बसा, डॉक्टर," ती म्हणाली. त्याच्या मागोमाग जेनेत आली, आणि तिने त्याच्यापुढे एक किटली ठेवली. त्याच्यासाठी, त्याची एकट्याची, वर स्वच्छ फडकं झाकलेली. बाजूला एक प्याला, मनुकांची बशी, साखरेचे खडे. पाहुणचारात काही म्हणता काही कमी नव्हतं.

हेमरा त्या किटलीकडे बघत राहिला. तिने दाराबाहेर उभं केलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तरी एवढं लागलं नसतं.

"दायजा, ऐक..."

"आधी तुमचा कागद वाचा," ती म्हणाली. "पाठ म्हणू नका. वाचा. जेनेत शेजारी बसून बघेल."

त्याने वाचलं. ओळीवर बोट ठेवून, एकेक कलम तुर्कमेनीत सांगत. जेनेत त्याच्या खांद्यावरून वाचत होती. सातवं त्याने दोनदा वाचलं. जेनेतने मान डोलावली. हो, हेच लिहिलंय.

"हे आधीपासून होतं?"

"तीन वर्षं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. मी वाचलंच नव्हतं. मलाही फसवलं, दायजा. माझ्या उस्तादांनी..."

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला येतं."

तिने हाताने खूण केली, विचारा. तो विचारत गेला. चहा? "कोमट," ती म्हणाली, आणि तिच्या बाजूच्या किटलीच्या तोटीतून वाफ येत होती. एकेचाळिसावा प्रश्न आला. त्याला काही सुचवावंही लागलं नाही.

"अफू? नाही. कधीच नाही. माझ्या घरात कुणी घेत नाही."

नियम असा की सांगतील ते लिहायचं. त्याने ‘नाही’ लिहिलं. मग मान खाली घालूनच म्हणाला, "या उत्तरावर कार्ड मिळेल. आठवड्यात. तसं ठरलंय."

दायजाने त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे खरं सांगितलं तर मरायचं आणि खोटं सांगितलं तर जगायचं. हे अठरा वर्षांपूर्वीच सांगायचं होतंत ना, डॉक्टर."

तिथून तो पुढच्या घरी गेला, आणि त्याच्या पुढच्या. चहा कोमट. तंबाखू नाही. अफू? प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘नाही’. टाळी देणाऱ्या टवाळांनी उंबऱ्याआत घेतलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "आकडा कशाला, नावच घाला. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही." ज्यांनी आत घेतलं त्या प्रत्येक घरात त्याला त्याची किटली मिळाली. मागच्या वर्षी या गावात दर तिघांत एक जण ‘हो’ म्हणाला होता. आता सारीगुयीतून अफू हद्दपार झाली होती. असलं यश जगातल्या कुठल्या सरकारला मिळालं नसेल.

संध्याकाळी गाडीत बसून त्याने सव्वीस घरांचे कागद चाळले. सव्वीस ‘नाही’. उद्या शेजारचं गाव, परवा त्याच्या पुढचं. जी अठरा वर्षं वाचवण्यासाठी उस्तादांनी सगळं केलं, ती केव्हाच संपली होती. वाचवायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे गप्प बसायचंही कारण उरलं नव्हतं.

तरी दायजाचं कार्ड येईपर्यंत तो गप्प बसला. कार्ड नवव्या दिवशी आलं. किरणांची पहिली खेप पार पडली त्या दिवशी त्याने आपलं निवेदन अशा अभ्यासांवर देखरेख करणाऱ्या समितीकडे दिलं. दोनच वाक्यं महत्त्वाची होती. मी जे म्हणून दाखवलं ते कागदावर नव्हतं. जे कागदावर होतं ते मी वाचलं नाही.

रात्री उस्तादांचा फोन आला. "मी तुला मुलासारखं वाढवलं," ते म्हणाले, "आणि तू माझा विश्वासघात केलास!" हेमराला हसू आलं, आणि मग हसू थांबेना. बायकोने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

पुढे उस्ताद सांगत होते तसंच झालं. संमतीपत्रं रद्द झाली, अभ्यास बंद पडला, हेमराची नोकरी गेली. उस्ताद तेवढे राजधानीत वरच्या जागेवर गेले. नाकारलेले तीस अर्ज पाच महिन्यांनी मंजूर झाले. तोवर त्यातल्या चौघांना कार्डाची गरज उरली नव्हती. हेमराने त्या चौघांची नावं शोधून काढली. आकडे नव्हेत, नावं. दोघींच्या हातचं तो जेवलेला होता. आता तो गोनबदच्या परिचारिका शाळेत शिकवतो आणि संमतीपत्र कसं वाचावं यावर पहिला तास घेतो.

वर्षाने तो सारीगुयीला गेला. बोलावणं नव्हतं, कागद नव्हते, उष्णतामापकही नव्हता. दायजा जगली होती. बारीक झाली होती, आवाज खरखरीत झाला होता, पण मागावर बसलेली होती. त्याचं निवेदन, त्याची नोकरी, तीस कार्डं, सगळं गावाला कळलेलं होतं. जेनेतने त्याला पाहून सलाम केला, अगदी मनापासून. तो गालिच्यावर त्याच्या जुन्या जागी, दायजाच्या उजव्या हाताला बसला.

दायजाने तिच्या किटलीतला चहा प्याल्यात ओतला आणि तसाच समोर ठेवून दिला. बराच वेळ शिवली नाही. त्यावरची वाफ पार गेली, मग तिने छोटासा घोट घेतला.

"आता थंडच प्यावा लागतो," ती म्हणाली. "या वेळी खरंच. लिहून घ्या."

"आता मी लिहीत नाही, दायजा."

"बरं झालं," ती म्हणाली.

तेवढ्यात जेनेत आतून आली. तिने त्याच्यापुढे एक किटली ठेवली, वर स्वच्छ फडकं झाकलेली, आणि बाजूला एक प्याला.

"घ्या, डॉक्टर," दायजा म्हणाली. "चहा घ्या."